जुन्या टॅब्लेटच्या चोरीचा अर्ज

तो तक्रार अर्ज मला आजही शब्दन् शब्द आठवतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत खुनाचे, दरोड्याचे, दंगलीचे कितीतरी कागद हाताखालून गेले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा एकपानी अर्ज मात्र तसाच्या तसा लक्षात आहे. 'माझ्या मुलाने मला वापरण्यास दिलेला टॅब्लेट राहत्या घरात दिसून येत नाही, तरी शोध व्हावा, ही विनंती.' एवढाच मजकूर. कोणावर संशय नाही आणि 'चोरी' हा शब्दही नाही. अक्षर सरकारी नोकरीत घडलेले, वळणदार.

मी तेव्हा धुळे शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि एकेक पायरी चढत तिथपर्यंत पोचलो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. आता जळगावला एकटाच राहतो, बहुतेक दिवशी एकदाच जेवतो. सकाळी तलावाला फेरी मारतो, पेपर वाचतो, आणि दुपार कशी काढायची हे मला अजून जमलेले नाही. म्हणून लिहायला बसलो. नाव कोणाचेच देणार नाही, कारण या हकिगतीतली माणसे भली होती. सगळ्यात कमी भला त्या दिवशी मीच होतो.

श्रावणातला शनिवार होता. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक वृद्ध गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पायजमा, खिशाला पेन. वय चौऱ्याहत्तर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, एकुलता एक मुलगा बायको आणि मुलासह परदेशात. गल्ली त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणालो.

"नोंद झाली म्हणजे झालं," आबा म्हणाले. "काही घाई नाही."

ज्याची वस्तू गेली तो माणूस ठाण्यात येऊन घाई नाही असे कधी म्हणत नाही. नवख्या शिपायालाही हे कळते. मला कळले, पण मी तिकडे काणाडोळा केला. कारण त्याच सकाळी आमच्या वरिष्ठ निरीक्षकांना अधीक्षक कार्यालयातून फोन आला होता. आबांच्या मुलाने परदेशातून थेट तिकडे ईमेल केला होता. टॅब्लेट शेवटचा कुठे चालू होता त्याचा नकाशाही सोबत जोडला होता. याची आबांना काहीच कल्पना नव्हती. वरून फोन आला की आमच्याकडे हातातला चहा तसाच ठेवून माणसे उठतात.

आता त्या वस्तूविषयी. सहा-सात वर्षांपूर्वी त्या कंपनीचा तो सगळ्यात भारी टॅब्लेट होता. मुलाने तो स्वतःसाठी हौसेने घेतला होता. पुढे त्याची नवी पिढी आली, मुलाने ती घेतली आणि जुना गावाकडे वडिलांना दिला. पाठ करड्या धातूची, एका कोपऱ्याला पोचा पडलेला. नवे काहीही त्यावर आता चढत नव्हते. आमचे हवालदार वर्णन वाचून म्हणाले, "साहेब, हा चोरणारा चोर नसेल, भंगारवाला असेल." ठाण्यात सगळे हसले, मीही हसलो.

नकाशातले ठिकाण बाजारापलीकडच्या एका गल्लीतले होते. तिथे केळीची हातगाडी लावणारा एक जण आमचा खबऱ्या होता. त्याला विचारले तर तो लगेच म्हणाला, "गुरुवारी सकाळी मोबाईल रिपेअरवाल्याला आबांच्या घरातून निघताना पाहिला साहेब. टॉवेलात काहीतरी चपटं गुंडाळलेलं होतं. सारखा मागं वळून बघत होता."

दुकान एका खाटेएवढे. मालक चाळिशीचा, मुसलमान कारागिराच्या घरातला. बाप घड्याळे दुरुस्त करायचा, त्याच टेबलावर हा मोबाईल दुरुस्त करत होता. आम्ही दोनदा विचारायच्या आत त्याने खण ओढला आणि टॉवेलात गुंडाळलेला टॅब्लेट काढून समोर ठेवला. मी पंच बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल सील केला आणि त्याला ठाण्यात चल म्हणालो. बाहेर गर्दी जमली होती. तिच्यातून एक बाई पुढे आल्या आणि त्याला म्हणाल्या, "माझा मोबाईल देऊन टाका. झाला नसेल तरी चालेल." त्याने तो काढून दिला. शटर ओढेपर्यंत आणखी दोघे आपापले मोबाईल परत घेऊन गेले.

ठाण्यात मी त्याला समोर बसवले.

"चोरी नाही केली साहेब," तो म्हणाला.

"मग ही चीज तुझ्या खणात चालत आली का?"

"ते आबांना विचारा."

"अरे, आबांनीच अर्ज दिलाय."

हे ऐकूनही तो म्हणाला, "तरी पण आबांनाच विचारा."

मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. आधीचे गुन्हे काढीन, दुकानाची झडती घेईन, बिलाशिवायचा एक सुटा भाग जरी सापडला तरी आत टाकीन, असे सगळे नेहमीचे बोलून झाले. दोन तास गेले. त्याने एकच प्रश्न विचारला. "गुन्हा दाखल झाला तर पेपरात येतं का साहेब?"

"येतं."

"दुकानाचं नाव पण?"

"ते पण येतं."

"लोक माझ्याकडे मोबाईल उघडून देऊन जातात," तो म्हणाला. "आत घरच्या बायांचे फोटो असतात, बँकेचं असतं, कोणाचं काय काय असतं. मी कधी बघितलं नाही. माझ्याकडे दुसरं काही नाहीये साहेब, एवढंच आहे."

हे सांगताना त्याने डोळे पुसले. मी अट्टल चोरांनाही रडताना पाहिले होते, त्यामुळे मला विशेष काही वाटले नाही. वरिष्ठांनी दारातून डोकावून सांगितले, "माल आहे, नकाशा आहे, पाहणारा आहे. अजून काय पाहिजे? पाच वाजेपर्यंत गुन्हा दाखल करून टाका, मला वर कळवायचंय."

तेव्हा एक वाजला होता. घटनास्थळाची पाहणी राहिली होती, म्हणून हवालदाराला घेऊन मी आबांच्या घरी गेलो. एक कागद पूर्ण करायचा, एवढाच हेतू होता.

आबांनी दार उघडले. पुढच्या खोलीत चौरंग तसाच मांडलेला होता. आठवडाभरापूर्वी त्यांच्याकडे कानबाई बसली होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, आणि सोमवारी गाणी म्हणत, नाचत तिला नदीवर नेतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने गहू मापून घ्यायचे. जो परगावी आहे त्याचेही माप घालायचे. हे रोट फक्त कुळातल्यांनी खायचे, बाहेरच्या कोणालाही द्यायचे नाहीत. टाकायचेही नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याच्या त्याच्या घरचे नियम थोडे वेगळे असतात, पण आमच्या घरी आणि आबांच्या घरी हेच होते.

त्या वर्षी कानबाई बसवायची पाळी आबांची होती. सोनगीरकडून त्यांचे भाऊबंद आले, रविवारी जेवले, सोमवारी नदीवरून परस्पर आपापल्या घरी गेले. आबांच्या वाट्याचे रोट आबांकडे राहिले. माप तीन पुरुषांचे. आबा, परदेशातला मुलगा आणि तिथेच जन्मलेला नातू.

मी नोंद घेत खोलीत फिरत होतो. चौरंगाच्या बाजूला रोटांची टोपली होती, वर धुतलेले फडके. सहज फडके उचलले. टोपली रिकामी होती. पौर्णिमेला अजून तीन दिवस बाकी होते. आणि चौरंगासमोर दोन पाट समोरासमोर मांडलेले होते.

मी आबांकडे पाहिले. बारीक अंगाचे गृहस्थ, तोंडात कवळी. तीन पुरुषांच्या मापाचे रोट त्यांनी एकट्याने इतक्या लवकर संपवणे शक्य नव्हते. भाऊबंद सोमवारीच गेलेले. आणि टाकून तर ते देणार नाहीत, हे मला माझ्या घरावरून माहीत होते. हवालदाराला मी बाहेर गाडीजवळ थांबायला सांगितले. मग ठाण्यातली भाषा बाजूला ठेवून घरच्या बोलीत विचारले.

"आबा, बठ्ठा रोट तुम्ही एकलानी खादा?"

त्यांनी पाटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. खुर्चीचा हात धरून खाली बसले.

"एकलाले घास उतरस नई, भाऊ," ते म्हणाले.

मग सगळे बाहेर आले. टॅब्लेटची चार्जिंगची जागा ढिली झाली होती. दुकानात ठेवून जा, असे त्या कारागिराने सांगितले होते, पण आबा तो घराबाहेर न्यायला तयार नव्हते. म्हणून सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तो दुपारी हत्यारे घेऊन घरी आला. इतक्या जुन्या मॉडेलचा सुटा भाग मिळत नव्हता, तो घासूनपुसून जमवत होता. पहिल्या दिवशी जेवायची वेळ झाली. समोर माणूस बसलेला आणि आपण एकट्याने ताट वाढून घ्यायचे, हे आबांना जमले नाही. त्यांनी दुसरा पाट मांडला.

"त्याला सांगितलं होतं का, हे रोट कुळाचे आहेत म्हणून?" मी विचारले.

"सांगितलं. तो म्हणाला, मग मला नको आबा. मी म्हटलं, मापात माझ्या पोराचं आहे, नातवाचं आहे, त्यांच्या वाटचं खा. टाकता येत नाही. उरवता येत नाही. माझ्याच्यानं सरत नाही." आबांनी चष्मा काढून पुसला. "तीन दिवस जेवलो भाऊ. पोटभर जेवलो."

बुधवारी टॅब्लेट सुरू झाला. कॅमेरा नीट चालतो का बघायला कारागिराने हात लांब करून दोघांचा फोटो काढला. ताटात रोट, मागे कानबाईचा चौरंग. दोघेही हसले. संध्याकाळी आबांना एकदम आठवले. मुलाने टॅब्लेट देताना सांगितले होते, 'यावर तुम्ही जो फोटो काढाल तो मला इकडे आपोआप दिसेल.' आणि मुलगा हौशी, घरचे फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकणारा. कुळाचे रोट बाहेरच्या माणसाला, त्यातही परधर्माच्या माणसाला वाढले, हे कळले तर भाऊबंद पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाहीत, याची आबांना खात्री होती. वर्षातून एक दिवस घर भरते, तोही जाणार होता.

"मना पोऱ्या देखी ते काय म्हनी?" ते म्हणाले.

गुरुवारी त्यांनी कारागिराला बोलावले, टॅब्लेट त्याच्या हातात दिला आणि सांगितले, तो फोटो गेला असेल तर कसाही परत आण, आणि कोणाला बोलू नकोस. त्याने शब्द दिला. शुक्रवारी मुलाने काही कामासाठी टॅब्लेटवर संपर्क केला, तो लागेना म्हणून फोनवर विचारले, तेव्हा आबांनी सांगितले, सापडत नाही, चोरीला गेला असेल. जन्मात कधी खोटे न बोललेला माणूस, एक वाक्य बोलला आणि त्यात अडकला. मुलानेच ठाण्यात जायचा आग्रह धरला. कारागिराला आम्ही धरून नेले, हे आबांना मी सांगेपर्यंत माहीतच नव्हते.

"टॅब्लेट घराबाहेर द्यायला इतके का कचरत होता?" मी विचारले. खरे तर चौकशीच्या दृष्टीने या प्रश्नाची गरज नव्हती.

"रोज एक फोटो काढतो ना त्यावर," आबा म्हणाले. "आज काय जेवलो, जास्वंदीला किती फुलं आली, दारात कोण आलं. एरवी फोन तो रविवारीच करतो, त्याला वेळ नसतो. पण फोटो रोज दिसतात त्याला. एक दिवस चुकला तर काळजी करेल."

मी त्यांना गाडीत बसवून ठाण्यात आणले. प्रकरण सुटले म्हणून मी खुशीत होतो, हे कबूल करतो. कारागीर बाकावर तसाच बसला होता. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "रोटाचं कळलं मला. आता बोल."

तो एकदम सैल पडला. पंचांना बोलावून मी सील काढले, त्याने टॅब्लेट सुरू केला. पडद्यावर आधी इंग्रजी अक्षरांची एक चौकट आली. त्याने तिच्यावर बोट ठेवले.

"हे वाचा साहेब. फोटो साठवायच्या ऑनलाईन खात्यातली जागा भरलीय, म्हणून फोटो पुढे जाणं बंद आहे. तारीख बघा. तीन वर्षं झाली. आबांना इंग्रजी येत नाही, ते रोज ही चौकट पुसून टाकतात. ह्याच्यातला एक पण फोटो तिकडे गेलेला नाही."

"मग तू आबांना गुरुवारीच का नाही सांगितलंस? विषय तिथंच संपला असता."

"कसं सांगू?" तो म्हणाला. "हजाराच्या वर फोटो आहेत साहेब."

मला तेव्हाही त्याच्या बोलण्याचा पुरता अर्थ लागला नाही. चार वाजून गेले होते. पाचच्या आत आबांचा जबाब पाहिजे होता. तो नसता तर गुन्हा दाखल झाला असता आणि एका प्रामाणिक माणसाचे दुकान बसले असते. आबा माझ्या टेबलासमोर हातात पेन धरून बसले होते आणि त्याचे टोपण सारखे काढत-लावत होते. जबाब दिला की सगळे उघडे पडेल, ही भीती. त्यांना धीर द्यावा म्हणून मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आबा, काळजी सोडा. तो फोटो मुलाकडे गेलेलाच नाही. मी स्वतः खात्री केलीय."

"गेलाच नाही?"

"नाही. कोणी पाहिलेला नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचे समाधान आले. मी जबाबाचा कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पेन टेकवले आणि तसेच थांबले.

"मंग बाकीना?"

बाकीचे. मला वाटते, तेव्हा कुठे मला कळले की मी काय बोलून बसलो. खोटे बोलता आले असते. बाकीचे गेले, असे म्हणायला काय लागत होते? पण ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी टेबलावरचा शिक्का उगाच इकडचा तिकडे ठेवला.

आबांनी सही केली, खाली तारीख घातली, पेनाला टोपण लावून ते खिशाला अडकवले.

जबाबात मी रोटांचा उल्लेख केला नाही. टॅब्लेट अर्जदारानेच दुरुस्तीस दिला होता, वयामुळे विस्मरण झाले, कोणाविरुद्ध तक्रार नाही, असे लिहून अर्ज निकाली काढला. वरिष्ठांनी वाचून कपाळाला हात लावला आणि पुढे पाठवून दिला. सरकारी कागदात जाणूनबुजून अर्धे लिहिण्याची माझी ती एकच वेळ, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही. कारागिराची मी माफी मागितली. त्याने हात जोडले. पण त्याची तीन गिऱ्हाइके माझ्यासमोर गेली होती, ती माझ्या माफीने परत आली नसणार. मग मी हवालदाराला गणवेशात त्याच्या दुकानावर पाठवले आणि माझा स्वतःचा मोबाईल दुरुस्तीला दिला. गल्लीने ते पाहावे, एवढाच हेतू होता. मोबाईलला काहीही झालेले नव्हते.

पण ते नंतरचे. त्या दिवशी टॅब्लेट परत देताना कारागिराने तो आबांपुढे धरला. पडद्यावर त्या दोघांचा फोटो होता, समोर ताटे, दोघे हसत असलेले. तो हळूच म्हणाला, "आबा, पुसून टाकू ना हा?"

आबांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "देखनार कोन शे?"

आणि त्याच्या दंडाला धरून ते ठाण्याच्या पायऱ्या उतरले.

या प्रकरणाने काय शिकवले, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. माणूस काय लपवतो आहे, हे शोधायला खाते आम्हाला शिकवते. आबांनी लपवलेले मी एका रिकाम्या टोपलीवरून शोधून काढले आणि स्वतःवर खूश झालो. पण तो माणूस तीन वर्षे रोज काहीतरी दाखवत होता आणि ते पाहायला कोणी नव्हते, हे समोर असून मला दिसले नाही. ते एका मोबाईलवाल्याला आधी दिसले आणि त्यासाठी तो कोठडीत जायला तयार झाला. मुलाचाही यात दोष आहे असे मला वाटत नाही. जागा भरली, त्याने वाढवून घेतली नाही, विसरला. आपण सगळेच असे विसरतो. पण म्हणून मला वाटलेले वाईट कमी झाले नाही, अजूनही होत नाही.

माझी मुलगी पुण्याला असते. हल्ली मीही तिला फोटो पाठवतो. मेहरूणच्या तलावावरचे बगळे, मी केलेली शेवेची भाजी, असलेच काहीबाही. पाठवला की लगेच फोन करून विचारतो, पाहिलास का? ती ऑफिसात असते, वैतागते. "हो बाबा, पाहिला," म्हणते. भाजीत तेल फार दिसतंय, असेही एकदा म्हणाली. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो.